गोल, फुली, रेघ : बर्लिन २००९ आणि पहिल्या उडीची उंची

बांबू उडीच्या गुणपत्रिकेत तीनच खुणा असतात. बार पार झाला की गोल, पडला की फुली, आणि खेळाडूने ती उंची सोडून दिली की आडवी रेघ. १७ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची महिलांची अंतिम फेरी झाली. त्या पत्रिकेत येलेना इसिनबायेवाच्या नावापुढे आधी नुसत्या रेघा आहेत. मग ४.७५ मीटरखाली एक फुली आणि एक रेघ, मग ४.८० खाली दोन फुल्या. गोल एकही नाही. ५.०५ मीटरचा जागतिक विक्रम जिच्या नावावर होता, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिच्या घरी होती, तिच्यापुढे त्या संध्याकाळी उंचीच लिहिली गेली नाही.

अकरा दिवसांनी, २८ ऑगस्टला, ज्यूरिखमध्ये तिने ५.०६ मीटर पार केले. २०२५ साल सरलं तरी मैदानी स्पर्धेतला तो विक्रम कुणाला मोडता आलेला नव्हता.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. इसिनबायेवाचं हे प्रकरण मी नीट बसून अभ्यासलं ते अकरावीतल्या एका मुलीमुळे. ती बांबोळीच्या मैदानावरून तीन फुल्या घेऊन परतली, आणि त्या फुल्यांना ती जबाबदार नव्हती, मी होतो. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून हे लिहितोय.

बांबोळी, दुपारचे अडीच

गोव्यात पोराच्या पायात फुटबॉल आपसूक येतो. बांबू उडीसाठी मूल शोधावं लागतं. ही मुलगी आधी दोरीच्या मल्लखांबावर होती. डोकं खाली आणि पाय वर, ही अवस्था तिला घरच्यासारखी. नव्या मुलींना सगळ्यात जास्त धास्ती असते ती हवेत उलटं होण्याची, ती हिला नव्हतीच. पळणं मात्र बेताचं होतं.

शाळेकडे फायबरग्लासचा एकच पोल आहे, ३.७० मीटर लांबीचा, ५० किलोपर्यंतच्या खेळाडूसाठी असा शिक्का असलेला. मॅट नाही. लांब उडीच्या वाळूत पोल रोवायचा, झुलायचं आणि पलीकडे उतरायचं, हा रोजचा सराव. पंधरा दिवसांतून एकदा बांबोळी. तिचे बाबा ज्या पिकअपमधून बाजारात केळी नेतात, तिच्याच छपरावर पोल बांधतो. मागे दीड हात बाहेर येतो, त्याला लाल फडकं लावतो. बाणस्तारीचा पूल आला की ती मागच्या काचेतून वळून बघते, फडकं आहे ना.

स्पर्धेआधीच्या महिन्यात तिने सरावात २.४० चार वेळा पार केली होती. स्पर्धा १.८० पासून सुरू होणार होती. पंचांच्या टेबलावर जाऊन मी सांगितलं, ‘हिची सुरुवात २.३०.’ तिला विचारलंसुद्धा नाही. माझा हिशोब असा की खालच्या उंचींवर पाय कशाला दमवायचे, ताकद वरच्यासाठी राखून ठेवू. टीव्हीवर मोठमोठे खेळाडू असंच करताना पाहिले होते. आपली पाळी येईपर्यंत अंगावर टॉवेल ओढून पडलेली इसिनबायेवा माझ्या डोळ्यांसमोर होती, हेही कबूल करतो.

१.८०, १.९०, २.००, २.१०, २.२०. पाच रेघा. बाकीच्या सहा मुली उड्या मारत होत्या आणि माझी मुलगी सव्वा तास सावलीत बसून होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा अडीच वाजले होते. बांबोळीच्या पठारावर त्या वेळेला समुद्राकडून वारा उठलेला असतो. सकाळी सराव केला तेव्हा पान हलत नव्हतं, आता वारा थेट तिच्या तोंडावर येत होता.

पहिल्या उडीला तिचं टेक-ऑफचं पाऊल खुणेच्या जवळजवळ दोन फूट मागे पडलं. पोल वाकला, पण उभा राहिला नाही, आणि त्याने तिला परत धावपट्टीवर आणून टाकलं. मी बाहेरून ओरडलो, ‘मार्क पुढे घे, दोन फूट!’ तिने घेतला. घाबरून जोरात धावली आणि पाऊल बॉक्सच्या, म्हणजे पोल रोवायच्या खाचेच्या, फार जवळ पडलं. छाती बारला लागली. तिसऱ्या वेळी ती पोल न रोवताच बारखालून पळत मॅटवर गेली आणि तिथेच बसून राहिली.

पहिली आलेल्या मुलीची उंची होती २.२०.

परतताना पिकअपमध्ये तिच्या बाबांनी विचारलं, ‘सर, तिच्या नावापुढे काय लिहिलंय?’

‘काही नाही.’

‘काही नाही म्हणजे शून्य?’

शून्यसुद्धा नाही, हे त्यांना समजावून सांगणं मला त्या दिवशी जमलं नाही. जुने गोवे मागे पडेपर्यंत कुणीच बोललं नाही.

वोल्गोग्राद ते बीजिंग

इसिनबायेवाचा जन्म ३ जून १९८२ चा, वोल्गोग्रादचा. वडील नळजोडणीचं काम करायचे. पाचव्या वर्षी तिला जिम्नॅस्टिक्सला घातलं आणि दहा वर्षं ती तिथेच घडली. पंधराव्या वर्षी उंचीने घात केला. जिम्नॅस्टला अंगाने आटोपशीर असावं लागतं, आणि ती वाढून पुढे १.७४ मीटर झाली. तिला बांबू उडीकडे आणलं गेलं ते येव्हगेनी ट्रॉफिमोव या प्रशिक्षकाकडे. महिलांची बांबू उडी तेव्हा नवीच होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती १९९९ मध्ये आली आणि ऑलिम्पिकमध्ये २००० मध्ये. खेळच कोवळा असल्याने वर चढायला वाट मोकळी होती. १९९८ मध्ये मॉस्कोच्या जागतिक युवा क्रीडास्पर्धेत, पोल हाती घेऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तिने ४.०० मीटर उडी मारून सुवर्ण घेतलं. सिडनी ऑलिम्पिकमध्ये मात्र पात्रता फेरीतच बाहेर पडली.

मग तिचा काळ सुरू झाला. जुलै २००३ मध्ये गेट्सहेड इथे ४.८२, तिचा पहिला जागतिक विक्रम. २००४ मध्ये अथेन्सला ४.९१, विक्रम आणि ऑलिम्पिक सुवर्ण एकाच उडीत. २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५.०० मीटर; पाच मीटर ओलांडणारी पहिली महिला. तीन आठवड्यांनी हेलसिंकीला ५.०१ आणि जागतिक अजिंक्यपद.

यानंतरचा निर्णय मला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठा वाटतो. जगात सगळ्यात उंच उडणाऱ्या बाईने प्रशिक्षक बदलला. ट्रॉफिमोवना सोडून ती व्हिताली पेट्रोव यांच्याकडे इटलीतल्या फॉर्मियाला गेली. पुरुषांच्या बांबू उडीतला विक्रमवीर सर्गेई बुबका, त्याला घडवलं ते हेच पेट्रोव. पोल हातात कसा धरायचा, धावताना तो हळूहळू खाली कसा येऊ द्यायचा, आणि पोल वाकायला लागण्याआधी पाऊल जमिनीवरून कसं सुटलं पाहिजे, हा त्यांचा धडा. जिंकणाऱ्या हाताने पुन्हा मुळाक्षरं गिरवायची. याची किंमत विक्रमांच्या यादीत दिसते. ऑगस्ट २००५ नंतर मैदानावरचा तिचा पुढचा विक्रम थेट ११ जुलै २००८ चा आहे, रोम, ५.०३. मधली तीन वर्षं ती स्पर्धा जिंकत राहिली, पण स्वतःच्याच उंचीच्या खाली. मग महिन्याभरात मोनॅकोला ५.०४ आणि १८ ऑगस्टला बीजिंगमध्ये ५.०५.

बीजिंगची अंतिम फेरी आपल्या प्रकरणासाठी फार महत्त्वाची आहे. तिथे ती ४.७० ला उतरली. पार. मग ४.८५. पार. दोन उड्यांत ऑलिम्पिक सुवर्ण संपलं, आणि राहिलेली सगळी संध्याकाळ तिने विक्रमासाठी वापरली. उशिरा उतरण्याची युक्ती तिथे शंभर टक्के फळली होती. बर्लिनला तिने काही अचाट केलं नाही. तेच केलं, फक्त ५ सेंटिमीटर वरून.

१७ ऑगस्ट

त्या वर्षी तिची उंची हरवली होती असंही म्हणता येत नाही. फेब्रुवारीत दोनेत्स्कच्या बंदिस्त मैदानावर तिने ५.०० मीटर पार केले होते. पण जुलैत लंडनला पोलंडच्या अ‍ॅना रोगोव्स्काने तिला हरवलं, आणि हरणं ही गोष्ट ती विसरूनच गेली होती. २००३ च्या पॅरिसमधल्या कांस्यपदकानंतर एकाही मोठ्या अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत तिच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

बर्लिनमध्ये खालच्या उंचींवर बाकीच्या जणी उड्या मारत राहिल्या. ती थांबली. थांबणं म्हणजे काय, हे प्रेक्षकांना दिसत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकदा सुरू झाली की धावपट्टीवर सरावाची धाव घेता येत नाही. अंग गरम ठेवायचं ते बाजूला, जागच्या जागी. वारा फिरतो, ऊन उतरतं, पायातली उसळी बदलते, आणि आपल्या धावेची खूण मात्र तासाभरापूर्वीच्या वाऱ्यावर बेतलेली असते. जी मुलगी ४.४० ला उतरली, ती ४.७५ पर्यंत पोचते तेव्हा तिने तीनचार वेळा त्या दिवसाची धावपट्टी पायाखाली घातलेली असते. इसिनबायेवाची पहिली उडी हीच तिची पहिली चाचणी होती, आणि ती सुवर्णपदकाच्या उंचीवर.

४.७५. फुली.

आता नियम बघा. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळाडू बाद, मग त्या एका उंचीवरच्या असोत की तीन वेगवेगळ्या. एक फुली घेऊन पुढच्या उंचीवर जाता येतं, पण फुली पाठीवर घेऊनच, म्हणजे तिथे दोनच संधी. आणि दोघी एकाच उंचीवर थांबल्या, तर त्या उंचीवर जिच्या फुल्या कमी ती वर. म्हणजे ४.७५ दुसऱ्या प्रयत्नात पार करूनही, ती पहिल्याच प्रयत्नात पार करणारीच्या मागेच राहायचं. सुवर्णच हवं असेल तर ४.७५ ला चिकटून राहण्यात फायदा नाही. तिने रेघ मारली आणि ४.८० मागितले.

कागदावर हा हिशोब बरोबर आहे. तरी मला तो पटत नाही. तिच्याकडे पहिली फुली का पडली याचं उत्तर नव्हतं. दुसरी उडी ४.७५ वरच मारली असती तर ते उत्तर मिळायची शक्यता होती. तिने उत्तर न शोधताच प्रश्न ५ सेंटिमीटर वर नेला.

४.८०. फुली. ४.८०. फुली.

रोगोव्स्काने ४.७५ वर सुवर्ण घेतलं. रौप्य पोलंडची मोनिका पिरेक आणि अमेरिकेची चेल्सी जॉन्सन यांनी वाटून घेतलं, आणि त्या दोघींची उंची होती ४.६५. या आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. इसिनबायेवाने ४.७५ तिसऱ्या प्रयत्नात कशीबशी पार केली असती तरी रौप्य तिचं एकटीचं होतं. आणि ४.६५ ही उंची तिने रेघ मारून सोडली होती, जशी मी २.२० सोडली.

२५ सेंटिमीटर कुठे जातात

एवढी मोठी खेळाडू एवढ्याशा उंचीवर का अडकावी? मुलांना मी हे फळ्यावर समजावतो.

बांबू उडी म्हणजे वेगाचं उंचीत रूपांतर. धावेतली गतिज ऊर्जा पोल वाकवते, पोल सरळ होताना ती परत देतो. वेगाचा वर्ग करा, १९.६२ ने भागा, त्या वेगातून मिळू शकणारी चढण मीटरमध्ये मिळते. जागतिक दर्जाच्या महिला सेकंदाला ८ मीटरच्या पुढे धावतात. वेग ८.३ असेल तर चढण ३.५१ मीटर. तोच ८.० झाला तर ३.२६. फरक २५ सेंटिमीटर. शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण मीटरभर वर असतो तो यात मिळवा, आणि उरलेलं खांद्यांनी, पोटाने, उलटं होऊन वर ढकलण्याने मिळवायचं. तिथे जिम्नॅस्टिक्स कामी येतं, मल्लखांब कामी येतो. पण वेगात गेलेले २५ सेंटिमीटर खांदे भरून काढत नाहीत.

सेकंदाला ०.३ मीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. समोरचा वारा तेवढा खातो, गार पडलेल्या मांड्या तेवढा खातात, मनातली शंका तेवढा खाते.

वरून पोलची भानगड. उंच उडीसाठी कडक पोल लागतो, आणि कडक पोल पूर्ण वेगाशिवाय हलत नाही. वेग कमी पडला की तो खेळाडूला वर न्यायचं सोडून मागे ढकलतो. बांबोळीला माझ्या मुलीचं पहिल्या उडीत हेच झालं. खालच्या उंचीवर सुरुवात करणारीला मऊ पोलने, कमी जोखमीत दिवस ओळखता येतो. वरून सुरुवात करणारीला पहिल्या पावलापासून सगळं अचूक लागतं. बीजिंगला ते अचूक होतं.

हे फक्त तिचंच नाही. ७ ऑगस्ट १९९२, बार्सिलोना ऑलिम्पिक. सर्गेई बुबका, तोपर्यंत तीन वेळचा जगज्जेता, सोलचा सुवर्णविजेता. ५.७० वर दोन फुल्या, मग रेघ, मग ५.७५ वर एक फुली. उंचीची नोंद नाही. सुवर्ण मॅक्सिम तारासोवला, ५.८०. आणि ३० ऑगस्टला बुबकाने इटलीत पादोव्हाला ६.१२ चा जागतिक विक्रम केला, सप्टेंबरात टोकियोला ६.१३. सतरा वर्षांच्या अंतराने दोन पत्रिका, जवळजवळ सारख्या, आणि दोन्हींनंतर महिनाही न उलटता विक्रम. आयुष्यभरात ३५ विक्रम करणाऱ्या बुबकाकडे ऑलिम्पिक सुवर्ण एकच, हे कोडं लोक नशिबावर ढकलतात. मी आता ढकलत नाही.

ज्यूरिखनंतर

ज्यूरिखच्या ५.०६ वर ही गोष्ट संपवायचा मोह सगळ्यांना होतो. पडली, उठली, विक्रम केला. मुलांना सांगायला सोपं. पण पुढची वर्षं बघितली की ते खरं राहत नाही. मार्च २०१० मध्ये दोहाच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ती ४.६० वर थांबली, चौथी आली, आणि पुढच्याच महिन्यात तिने खेळातून विश्रांती घेत असल्याचं जाहीर केलं. ज्यूरिखच्या एका उडीने बर्लिनमध्ये हललेलं काही परत बसवलं नव्हतं, असं मला वाटतं. विक्रम मोडायला एक चांगली उडी पुरते. स्पर्धा जिंकायला त्या संध्याकाळी काय चाललंय ते कळावं लागतं.

२०११ मध्ये ती वोल्गोग्रादला, ट्रॉफिमोव यांच्याकडे परतली. पहिल्याच वर्षी देगूच्या जागतिक स्पर्धेत सहावी. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्टॉकहोमला इनडोअर ५.०१, तिचा अठ्ठाविसावा आणि शेवटचा जागतिक विक्रम. लंडन ऑलिम्पिकला ४.७० वर कांस्य. आणि १३ ऑगस्ट २०१३ रोजी मॉस्कोत, घरच्या प्रेक्षकांपुढे, ४.८९ वर जागतिक सुवर्ण, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मला विचाराल तर बर्लिनचं खरं उत्तर हे होतं, आणि त्याला चार वर्षं लागली.

२०१४ मध्ये तिला मुलगी झाली. रिओसाठी ती परत उभी राहिली, जून २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ४.९० उडाली, पण उत्तेजकांच्या प्रकरणात रशियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघावरच बंदी होती आणि तिला उतरता आलं नाही. तिची स्वतःची एकही चाचणी दोषी ठरली नव्हती. ऑगस्टमध्ये रिओतच तिने निवृत्ती जाहीर केली. मैदानाबाहेर ती जे बोलली त्यातलं सगळं मला पटत नाही, पण तो या अभ्यासाचा विषय नाही.

परत बांबोळी

तीन फुल्यांनंतर पंधरा दिवस ती सरावाला आली नाही. मी घरी गेलो. आजीने काजूच्या सावलीत खुर्ची टाकली, चहा दिला. मी मुलीला दोन पत्रिका दाखवल्या, एक बर्लिनची वहीत उतरवून घेतलेली, एक तिची. तिने बर्लिनच्या रेघा बोटाने मोजल्या. मग म्हणाली, ‘हिला पण कुणी सांगितलं होतं, वरून सुरू कर म्हणून?’

मी म्हटलं, ‘नाही बाय. हिने स्वतः ठरवलं होतं. तुझं मी ठरवलं.’

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. सुरुवातीची उंची ती सांगणार, आणि ती अशी की मऊ हाताने, अर्ध्या धावेने, वाऱ्यातही दहातल्या नऊ वेळा पार होईल. सरावातली सर्वोत्तम उडी त्यात मोजायची नाही, २.४० चार वेळा पार झाली होती हे मला पाठ होतं, किती वेळा पडली ते मी लिहूनच ठेवलं नव्हतं. आता पडलेल्याही लिहितो. मोजून बघितलं तर २.४० दहातून दोनदाही होत नव्हती. २.३० दहातून चार. आणि मी तिला तिथून उतरवलं होतं.

दुसरं, माझं ओरडणं बंद. मी टेक-ऑफच्या रेषेत बाजूला उभा राहतो आणि पाऊल कुठे पडलं एवढंच सांगतो. पुढे यायचं की मागे जायचं, किती, ते तिचं. दोन फूट एकदम हलवायला सांगणं हा माझा दुसरा गुन्हा होता. समोरचा वारा असला तरी पावलाएवढं हलवून बघायला हवं होतं.

तिसरं, थांबण्याचा सराव. वाळूच्या खड्ड्याशी तासभर बसवून ठेवतो आणि मग अचानक एक उडी मागतो. हे तिला मुळीच आवडत नाही.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेत टेबलावरच्या पंचांनी विचारलं, ‘सुरुवात?’ ती म्हणाली, ‘१.९०. स्टँड ५० वर.’ स्टँड म्हणजे बार बॉक्सच्या किती सेंटिमीटर मागे ठेवायचा ते. पूर्वी तो आकडा मी सांगायचो. ती टेबलाशी उभी होती आणि मी चार हात लांब, हात मागे बांधून.

१.९० गोल. मॅटवरून उतरतानाच तिने विचारलं, ‘पाऊल?’ मी म्हटलं, ‘चार बोटं मागे.’ तिने जाऊन खुणेची पट्टी तेवढीच सरकवली. २.०० रेघ. २.१० गोल. २.२० फुली, गोल. वारा उठला होता. २.३० फुली, फुली, गोल. तिसऱ्या प्रयत्नाआधी ती टॉवेल वगैरे न घेता पोलच्या टोकाला टेकून उभी होती, आणि पताका पडायची वाट बघत होती. २.४० वर तीन फुल्या. दुसरी आली.

तिच्या बाबांनी पत्रिकेचा फोटो काढून घेतला. पिकअपमध्ये तो मोठा करून करून बघत होते. ‘सर, फुल्या आज जास्त आहेत.’ मोजल्या, सहा होत्या. ती पुढच्या सीटवर खो खो हसली.

पोलवरचा शिक्का ५० किलोचा आहे आणि ती आता ५१ ची झाली आहे. २.४० च्या दुसऱ्या प्रयत्नात पोल वाजवीपेक्षा जास्त वाकलेला मी बाजूने पाहिला. पुढच्या मोसमाआधी ५५ चा शोधायचा आहे, आणि तो ३.७० चाच असला तर बरं, म्हणजे पिकअपवर बसेल.